विश्वस्त बदलले, तर कर्जकरारातील न्यायालयाचे कलम कोणाला बांधते?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि संस्थांची नावे वगळली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण मराठी मंडळींनी चालवलेल्या कितीतरी संस्थांपुढे हाच प्रश्न आज ना उद्या येणार आहे. जुनी पिढी जाते, नवे विश्वस्त येतात, आणि कपाटातला कर्जकरार प्रथमच नीट वाचला जातो.

प्रश्न (इंदूर) : आमचा न्यास मध्यप्रदेश लोकन्यास अधिनियमाखाली नोंदलेला असून बाहेरगावाहून शिकायला येणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह चालवतो. 2019 साली इमारतीचे दोन मजले वाढवण्यासाठी एका वित्तकंपनीकडून 85 लाख रुपयांचे कर्ज घेतले. कंपनीचे मुख्य कार्यालय पुण्यात असून इंदुरात तिची शाखा आहे. अर्ज येथील शाखेत दिला, सह्या येथेच झाल्या, वसतिगृहाची इमारत गहाण आहे ती येथीलच, आणि हप्तेही येथील खात्यातून जातात. मंजुरीपत्र मात्र पुण्याहून आले होते. करारातील एक कलम असे : 'या करारातून उद्भवणारे सर्व वाद पुणे येथील न्यायालयांच्या अधिकारक्षेत्राच्या अधीन राहतील.' सह्या करणाऱ्या तीन विश्वस्तांपैकी दोघे वारले आणि तिसऱ्यांनी प्रकृतीच्या कारणाने राजीनामा दिला. आम्ही पाचही जण नवे आहोत. बदल कळवल्यावर कंपनीने एक पुरवणी करार सहीसाठी पाठवला. त्यात पुण्याच्या जागी चेन्नई घातले आहे, आणि कंपनी नेमील त्या एकाच लवादाकडे चेन्नईत वाद नेण्याची अटही जोडली आहे. ज्या करारावर आमची सहीच नाही, त्यातील पुण्याचे कलम आम्हाला बांधते काय? आणि पुरवणी करारावर सही करावी काय?

उत्तर : आपल्या पत्रात काळजी जुन्या कलमाची अधिक दिसते. माझ्या मते काळजी करण्याजोगी गोष्ट नवी सही ही आहे. तरीही प्रश्नांच्या क्रमानेच जाऊ.

आपली शंका स्वाभाविक आहे. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती असते, त्यामुळे संचालक बदलले तरी करार करणारी व्यक्ती तीच राहते. न्यासाचे तसे नाही. न्यासाची मालमत्ता विश्वस्तांच्या ठायी निहित असते, आणि करारही विश्वस्तच करतात. मग करार करणारेच उरले नाहीत, तर करार कोणाचा, असा प्रश्न मनात येणारच. याचे उत्तर भारतीय न्यास अधिनियम, 1882 याच्या कलम 75 आणि 76 मध्ये आहे. नवा विश्वस्त नेमला गेला की मालमत्ता त्याच्याकडे, किंवा तो आणि उरलेले विश्वस्त यांच्याकडे येते, आणि न्यासकर्त्याने पहिल्या दिवशीच त्याला नेमले असते तर जे अधिकार त्याला मिळाले असते तेच अधिकार त्याला मिळतात. हा अधिनियम धर्मादाय सार्वजनिक न्यासांना थेट लागू होत नाही, हे खरे. पण त्यामागची सर्वसाधारण तत्त्वे न्यायालये सार्वजनिक न्यासांनाही लावत आली आहेत. शिवाय बहुतेक छापील कर्जकरारांच्या पहिल्याच पानावर 'कर्जदार' या शब्दाची व्याख्या असते आणि तीत 'त्या त्या वेळचे विश्वस्त व त्यांचे उत्तराधिकारी' असे शब्द असतात. आपला करार काढून हे शब्द आहेत का ते आधी पाहावे. ते असोत वा नसोत, कर्जाच्या पैशातून बांधलेली इमारत न्यास वापरतो आहे. इमारत ठेवायची आणि ती ज्या कराराने उभी राहिली त्यातील एक कलम नाकारायचे, ही भूमिका न्यायालयात टिकणार नाही.

तेव्हा पुण्याचे कलम आपल्याला बांधते. पण ते आपल्या पूर्वसुरींना जितके बांधत होते तितकेच. विश्वस्त बदलल्याने त्याचे बळ कमी होत नाही, तसे वाढतही नाही.

येथे थोडे थांबून एक गोष्ट विचारतो. 2019 साली इमारत गहाण ठेवण्यापूर्वी लोकन्यासाच्या पंजीयकांची, म्हणजे नोंदणी अधिकाऱ्यांची, मंजुरी घेतली होती काय? मध्यप्रदेश लोकन्यास अधिनियम, 1951 याच्या कलम 14 प्रमाणे लोकन्यासाच्या स्थावर मालमत्तेची विक्री, गहाण, अदलाबदल किंवा बक्षीस पंजीयकांच्या पूर्वमंजुरीशिवाय वैध ठरत नाही. मंजुरी नसेल, तर गहाणच अडचणीत येते आणि खटला कोठे चालेल हा प्रश्न त्यापुढे दुय्यम ठरतो. मात्र 'मंजुरी नव्हती, म्हणून पैसे देत नाही' असे म्हणण्याचा मोह कोणा विश्वस्ताला होऊ नये. करार निरर्थक ठरला तरी त्याखाली मिळालेला लाभ परत करावा लागतो, असे करार अधिनियमाचे कलम 65 सांगते, आणि वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या डोक्यावर असल्या वादाची टांगती तलवार ठेवणे विश्वस्तांच्या कर्तव्यात बसत नाही.

आता 'पुण्याचे कलम बांधते' याचा नेमका आवाका पाहू. न्यायालयाला अधिकारक्षेत्र कायदा देतो, पक्षकार देत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 20 प्रमाणे प्रतिवादी जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो तेथे, अथवा दाव्याचे कारण पूर्णतः वा अंशतः जेथे घडले तेथे दावा दाखल होतो. अशी दोन किंवा अधिक न्यायालये असतील, तर त्यांपैकी एकाची निवड पक्षकार आपसांत करू शकतात, आणि तसे केल्याने करार अधिनियमाच्या कलम 28 चा भंग होत नाही. पण ज्या न्यायालयाला कायद्याने अधिकारच नाही, त्याला तो करार करून देता येत नाही. हकमसिंग विरुद्ध गॅमन या 1971 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले, आणि पुढचे निकाल त्याच पायावर उभे आहेत.

मग पुण्याला असा अधिकार मुळात आहे काय? केवळ मुख्य कार्यालय पुण्यात आहे एवढ्याने भागत नाही. कलम 20 च्या स्पष्टीकरणाप्रमाणे, दाव्याचे कारण जेथे घडले तेथे कंपनीची शाखा असेल, तर कंपनी तेथे व्यवसाय करते असे मानले जाते. पटेल रोडवेज प्रकरणात 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा वेळी मुख्य कार्यालयाचे ठिकाण पर्याय म्हणून पुढे करता येत नाही, आणि म्हणून तेथील करारात मुंबईचे नाव असूनही ते कलम निष्प्रभ ठरले. आपल्या बाबतीत मात्र मंजुरीपत्र पुण्याहून आले आहे. करार होण्याचा काही भाग, आणि रक्कम पुण्याच्या खात्यातून वितरित झाली असेल तर तोही भाग, पुण्यात घडला असे कंपनी म्हणू शकेल आणि बहुधा ते मान्य होईल. यासाठी मंजुरीपत्र, ते ज्या ईमेलने किंवा लिफाफ्यातून आले तो पुरावा आणि रक्कम जमा झाल्याचा खातेउतारा असे तीनही कागद जपून ठेवावेत. उद्या वाद झालाच, तर पुणे की इंदूर हे या तीन कागदांवरून ठरेल.

कलमात 'केवळ' किंवा 'फक्त' हा शब्द नाही, 'पुणे येथीलच' असा 'च' सुद्धा नाही, मग इंदूरचे दार उघडे आहे ना, असे आपल्यापैकी कोणी म्हणेल. एके काळी या युक्तिवादात जोर होता. 1989 च्या एबीसी लॅमिनार्ट प्रकरणात करारात 'कैरा अधिकारक्षेत्राच्या अधीन', म्हणजे गुजरातेतील खेडा जिल्ह्याच्या न्यायालयांच्या अधीन, असे शब्द होते. इतर न्यायालयांना वगळणारा शब्द नसल्याने तमिळनाडूतील सेलमच्या न्यायालयाचा अधिकार गेलेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. परंतु 2013 साली स्वस्तिक गॅसेस विरुद्ध इंडियन ऑइल या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की कोलकात्याच्या न्यायालयांचे नाव करारात घातले याचाच अर्थ पक्षकारांना बाकीची वगळायची होती, मग 'केवळ' लिहिलेले असो वा नसो. त्या निकालानंतर गाळलेल्या 'च' वर फार आशा ठेवू नये.

आशा ठेवण्यासारखी जागा दुसरी आहे, आणि तिच्याकडे कर्जदारांचे लक्ष क्वचितच जाते. गहाण मालमत्तेची विक्री, गहाणमुक्ती किंवा गहाणमुक्तीचा हक्क संपवणे यांसाठीचा दावा संहितेच्या कलम 16 प्रमाणे मालमत्ता जेथे असेल तेथील न्यायालयातच करावा लागतो. येथे दोन न्यायालयांत निवड करण्याचा प्रश्नच नसल्यामुळे करारातील कलमाला काही काम उरत नाही. 2005 साली हर्षद चिमणलाल मोदी विरुद्ध डीएलएफ या प्रकरणात करारात दिल्लीचे नाव होते आणि भूखंड गुडगावला होता. दिल्लीच्या न्यायालयाला असा दावा ऐकण्याचा अधिकारच नाही, आणि पक्षकारांची संमती ती उणीव भरून काढू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. म्हणून कंपनीला दिवाणी न्यायालयामार्फत वसतिगृहाची इमारत विकायची असेल, किंवा कर्ज फेडूनही ती गहाणखत सोडत नसल्याने आपल्याला दावा लावायचा असेल, तर तो इंदुरातच चालेल.

कंपनी दिवाणी न्यायालयात न जाता 2002 च्या सरफेसी कायद्याने तारण ताब्यात घेऊ पाहील, अशीही शक्यता आहे. 100 कोटी रुपये किंवा अधिक मालमत्ता असलेल्या वित्तकंपन्यांना 20 लाख व त्यावरील तारणकर्जांसाठी हा मार्ग खुला आहे. त्यात आधी 60 दिवसांची मागणी नोटीस येते. तिला आपण लेखी हरकत घेतली, तर कंपनीने 15 दिवसांत उत्तर द्यायचे असते. पुढे ताबा घेण्यास मदत मागायची ती मालमत्ता ज्यांच्या हद्दीत आहे त्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे. कंपनीच्या कारवाईविरुद्ध आपल्याला 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते, आणि कोणत्या न्यायाधिकरणाकडे हे कलम 17 मधील पोटकलम (1अ) ने ठरवले आहे : दाव्याचे कारण जेथे घडले, तारण मालमत्ता जेथे आहे, किंवा कर्जखाते ज्या शाखेत आहे तेथील. इंदूरच्या मालमत्तेसाठी ते न्यायाधिकरण जबलपूरचे. दिवाणी न्यायालयांना या बाबतीत कलम 34 ने मज्जाव केलेला आहे, त्यामुळे पुण्याचे कलम येथेही गैरलागू आहे. उरतो तो निव्वळ पैशाच्या वसुलीचा दावा. पुण्याचे कलम खरोखर चालेल ते तेवढ्याच वर्तुळात.

ग्राहक आयोगाकडे जाण्याचा विचार कोणी सुचवला असेल, तर त्यावर विसंबू नये. न्यास हा 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील 'व्यक्ती' या व्याख्येत बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली प्रतिभा प्रतिष्ठान प्रकरणात म्हटले आहे. 2019 च्या कायद्यातील व्याख्या अधिक विस्तृत असली तरी पहिली सुनावणी त्याच मुद्द्यावर खर्ची पडेल.

पुण्याहून समन्स आलेच, तर 'हे न्यायालय आपले नव्हेच' म्हणून ते बाजूला ठेवू नये. स्थानिक अधिकारक्षेत्राची हरकत सर्वांत पहिल्या संधीला, आणि काहीही झाले तरी वादमुद्दे निश्चित होण्यापूर्वी किंवा होतानाच घ्यावी लागते. ती तेव्हा घेतली नाही, तर अपिलात सहसा ऐकली जात नाही. संहितेचे कलम 21 तेच सांगते. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, देण्याची मुदत 30 दिवसांची असते आणि कारणे दाखवून ती 90 दिवसांपर्यंत, व्यावसायिक विवादात 120 दिवसांपर्यंत वाढू शकते. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात समन्स दिवंगत विश्वस्तांच्या नावे त्यांच्या जुन्या घरी गेले होते. घरच्यांनी ते आदराने त्यांच्या इतर कागदांत ठेवून दिले, आणि संस्थेला दाव्याची माहिती झाली ती एकतर्फी हुकूमनाम्याची बजावणी सुरू झाल्यावर. त्या घरातील कोणाचेही काही चुकले नव्हते. पण बदलाची खबर कर्ज देणाऱ्याला पोचसह दिलेली असती, तर हे टळले असते.

म्हणून विश्वस्त बदलल्यावर पहिले काम न्यायालयाच्या कलमाचे नाही, नोंदीचे आहे. पंजीयकांच्या नोंदवहीत बदल चढवून तिची प्रमाणित प्रत घ्यावी. अर्ज एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) कार्यालयात दिला म्हणजे नोंद झाली, असे समजू नये. मग ती प्रत जोडून कंपनीच्या इंदूर शाखेला आणि पुण्याच्या मुख्य कार्यालयाला नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाचही विश्वस्तांची नावे आणि न्यासाचा पत्ता कळवावा. दाव्यात सर्व विश्वस्तांना पक्षकार करावे लागते, हा संहितेच्या आदेश 31 चा नियम आहे. मृत व्यक्तीविरुद्ध लावलेला दावा टिकत नाही. दावा चालू असताना विश्वस्त बदलले, तर आदेश 22 च्या नियम 10 प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीने नव्या विश्वस्तांना आणून तो पुढे चालवता येतो. हे सगळे सुरळीत होते ते कागदोपत्री नावे बरोबर असली तरच.

आता पुरवणी करार. विश्वस्त बदलले म्हणून कर्जदाराने न्यायालयाचे ठिकाण नव्याने मान्य केले पाहिजे, असे कोणताही कायदा म्हणत नाही. झालेल्या कराराच्या अटी बदलायच्या तर दोन्ही पक्षांची संमती लागते, आणि ती देणे न देणे आपल्या हाती आहे. कंपनीच्या काही गरजा रास्त आहेत : नव्या विश्वस्तांची ओळखपत्रे, सह्यांचे नमुने, खाते चालवण्याचा ठराव, आणि कर्ज मान्य असल्याची पोच. त्या सगळ्या एका पत्राने पुरवाव्यात, आणि त्या पत्रात '2019 च्या कराराच्या सर्व अटी जशाच्या तशा कायम असून त्यांत कोणताही बदल करण्यात आलेला नाही' हे वाक्य अवश्य घालावे.

चेन्नईचे नाव एकट्याने आले असते, तर मी इतका सावध झालो नसतो. या व्यवहारातील कोणतीही गोष्ट चेन्नईत घडलेली नाही. त्यामुळे हकमसिंग निकालाप्रमाणे तेथील दिवाणी न्यायालयाला पुरवणी कराराने अधिकार मिळणार नाही. परंतु त्याच्या शेजारी लवादाची अट बसवली आहे, आणि लवादाचा कायदा वेगळ्या वाटेने जातो. 2017 च्या इंडस मोबाइल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पक्षकारांनी लवादाचे अधिष्ठान, म्हणजे कायदेशीर ठिकाण, म्हणून एखादे शहर ठरवले, की तेथे दाव्याचे कारण तिळमात्र घडलेले नसले तरी लवादावर देखरेख ठेवण्याचा अधिकार केवळ तेथील न्यायालयाला मिळतो. म्हणजे न्यायालयाच्या कलमाने जे साधले नसते ते लवादाच्या कलमाने साधते. आपण सही केली, तर इंदूरच्या वसतिगृहाच्या कर्जाचा हिशोब चेन्नईत मागण्याची वेळ आपल्यावर येईल, आणि लवादाचा निवाडा रद्द करून घ्यायचा तर अर्जही तेथेच करावा लागेल.

कंपनीने नेमलेला एकमेव लवाद हा भाग मात्र कायद्यापुढे तगणारा नाही. वादाच्या निकालात ज्याचा स्वार्थ गुंतलेला आहे अशा पक्षाने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये, असे 2019 च्या पर्किन्स ईस्टमन निकालापासून स्थिर आहे. अपात्र लवादावरची हरकत सोडून द्यायची, तर वाद निर्माण झाल्यानंतर तसे स्पष्ट आणि लेखी मान्य करावे लागते. शिवाय गहाणाची अंमलबजावणी लवादाकडे नेता येत नाही, हे 2011 च्या बूझ अॅलन निकालाने सांगितले आहे. पण हे मुद्दे जिंकण्यासाठी वकील लावून दूरच्या शहरात लढावे लागते, आणि तो खर्च न्यासाच्या तिजोरीतून, म्हणजे मुलींच्या फीमधून आणि देणगीदारांच्या पैशातून जातो. स्वतःच्या मालमत्तेची सामान्य समंजस माणूस जितकी काळजी घेईल तितकी विश्वस्ताने न्यासाच्या मालमत्तेची घ्यावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे. असा पुरवणी करार स्वतःच्या घराच्या कर्जासाठी पुढे आला असता, तर आपण सही केली असती काय, एवढे पाचही जणांनी एकत्र बसून विचारावे.

सही न करण्याचे ठरले, तर उत्तर पाठवण्यापूर्वी मूळ करारातील कसुरीचे कलम वाचावे. काही छापील करारांत 'पूर्वसंमतीशिवाय विश्वस्तमंडळात बदल' ही कसूर मानलेली असते. तसे असेल, तर मृत्यूमुळे झालेला बदल कोणाच्या हातात नव्हता, हप्ते वेळेवर गेले आहेत आणि बदल कळवला आहे, हे उत्तरात तारखांसह मांडावे. कंपनीला ठिकाण बदलायचेच असेल, तर इंदूर सुचवावे. एक लक्षात असू द्यावे : न्यासपत्रात वेगळी तरतूद नसेल, तर विश्वस्तांनी एकत्रितपणे वागायचे असते. शाखेत सहज गेलेल्या एका विश्वस्ताकडून 'फक्त औपचारिकता आहे' म्हणून सही घेतली जाऊ नये, यासाठी आजच ठराव करून ठेवावा.

प्रश्न (ग्वाल्हेर) : एका शिक्षण न्यासाचा विश्वस्त असताना न्यासाच्या कर्जाला मी व्यक्तिगत हमी दिली होती. दोन वर्षांपूर्वी राजीनामा दिला. नंतर नव्या विश्वस्तांनी कर्ज देणाऱ्या संस्थेशी करार करून ग्वाल्हेरच्या जागी दिल्लीची न्यायालये मान्य केली. आता मला हमीदार म्हणून दिल्लीहून नोटीस आली आहे.

उत्तर : विश्वस्तपद आणि हमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदाचा राजीनामा दिल्याने हमी संपत नाही. सलग हमी, म्हणजे एकामागून एक होणाऱ्या व्यवहारांना लागू असलेली हमी, नोटीस देऊन मागे घेता येते, पण करार अधिनियमाच्या कलम 130 प्रमाणे ती पुढील व्यवहारांपुरतीच. कर्ज पूर्ण उचलले गेलेले असेल, तर मागे घेण्यासारखे फारसे उरत नाही.

न्यायालयाच्या ठिकाणाबाबत मात्र आपली बाजू चांगली आहे. आपल्याला बांधते ते आपल्या हमीपत्रातील कलम, दुसऱ्या कोणी नंतर केलेल्या करारातील नव्हे. हमीपत्रात ग्वाल्हेर लिहिलेले असेल, तर नोटिशीच्या उत्तरातच तसे नमूद करावे. मूळ करारात हमीदाराच्या संमतीवाचून बदल केला, तर बदलानंतरच्या व्यवहारांपुरता हमीदार मुक्त होतो, असे कलम 133 सांगते. त्याचा आधारही उत्तरात राखून ठेवावा. पण 'कर्जाच्या अटींत होणाऱ्या कोणत्याही बदलास माझी आगाऊ संमती आहे' असे वाक्य हमीपत्रात आहे का ते आधी पाहावे. ते असेल, तर कलम 133 चा उपयोग होणे कठीण आहे.

प्रश्न (वडोदरा) : आमच्या छोट्या कंपनीने तारणयुक्त कर्जरोखे काढले होते. रोखेधारकांच्या वतीने तारण सांभाळणारी विश्वस्त संस्था मुंबईची होती. आता तिच्या जागी दुसरी नेमली गेली असून तिचे कार्यालय बेंगळुरूला आहे. वाद झाल्यास आम्हाला बेंगळुरूला जावे लागेल काय?

उत्तर : येथे बदललेला विश्वस्त पैसे देणाऱ्यांच्या बाजूचा आहे, म्हणून विचार थोडा वेगळा करावा लागतो. विश्वस्तपत्रातील कलमात शहराचे नाव आहे, की 'विश्वस्ताचे नोंदणीकृत कार्यालय त्या त्या वेळी जेथे असेल तेथील न्यायालय' असे शब्द आहेत, हे प्रथम पाहावे. मुंबईचे नाव असेल, तर विश्वस्त बेंगळुरूचा आला म्हणून कलम त्याच्यामागून चालत जात नाही. दुसऱ्या प्रकारचे शब्द असतील, तर विश्वस्त 'ते कलम मला बेंगळुरूला नेते' असे म्हणेल. पण 2025 च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा कलमांसाठी तीन कसोट्या सांगितल्या आहेत : करार अधिनियमाच्या कलम 28 शी सुसंगती, निवडलेल्या न्यायालयाला मुळात अधिकार असणे, आणि इतर न्यायालये वगळण्याचा उघड किंवा गर्भित हेतू. दुसऱ्या कसोटीवर बेंगळुरू अडखळते, कारण विश्वस्ताचे कार्यालय तेथे असणे हे दाव्याचे कारण नव्हे. रोखे काढले, पैसे घेतले, तारण दिले आणि परतफेड करायची होती, यांपैकी काय कोठे घडले यावर ते ठरेल.

रोखे शेअरबाजारात सूचीबद्ध असतील, तर सेबीकडे (शेअरबाजाराच्या नियामक संस्थेकडे) नोंदलेल्या कर्जरोखे विश्वस्तांना सरफेसी कायद्याने तारणावर कारवाई करता येते आणि वसुलीसाठी कर्जवसुली न्यायाधिकरणाकडेही जाता येते. आपली कंपनी व मालमत्ता वडोदऱ्यात असल्याने तो विचार करताना अहमदाबादचे न्यायाधिकरण डोळ्यांपुढे ठेवावे.

नवी नेमणूक रीतसर झाली आहे का, हे तपासण्याचा आपल्याला हक्क आहे. कंपनी कायद्याखालील नियमांप्रमाणे विश्वस्ताला मुदतीपूर्वी काढायचे, तर थकीत रोख्यांच्या मूल्यापैकी किमान तीन चतुर्थांश मूल्याच्या धारकांची सभेत मंजुरी लागते. आणि नवा विश्वस्त नेमला जाईपर्यंत जुन्याला जबाबदारी सोडता येत नाही, असा सेबीचा नियम आहे. नेमणुकीच्या दस्ताची प्रत मागून घ्यावी, आणि आपल्या मालमत्तेवरील बोजाच्या नोंदीत नव्या विश्वस्ताचे नाव कंपनी निबंधकांकडे चढले आहे का ते पाहावे. त्या नोंदीतील बदल 30 दिवसांत दाखल करायचा असतो, आणि तो दाखल करण्याची पहिली जबाबदारी आपल्याच कंपनीची आहे.